इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जुने इंजिन

उसाचा रस, मळी, मका व तांदळाची कणी यांपासून तयार होणारे इथेनॉल आज आपल्या देशातील पेट्रोलमध्ये शेकडा २० पर्यंत मिसळले जाते. २००३ साली शेकडा ५ पासून आरंभ झालेले हे मिश्रण २०२२ मध्ये १० वर पोचले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. ऊस व मका पिकविणाऱ्यास त्यामुळे नवे गिऱ्हाईक लाभले. परंतु त्याच्याच दारात बहुधा जुनी मोटारसायकल उभी असते. तेव्हा या इंधनासाठी इंजिनात कोणते फेरफार करावे लागतात, हे त्याने समजून घेणे इष्ट होय.

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. त्याच्या घटकांतच प्राणवायू असल्याने त्यास जळण्यास हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागत असेल, तर तितक्याच इथेनॉलला ९ किलो पुरते. उष्णताही लिटरमागे सुमारे एक तृतीयांशाने कमी मिळते. म्हणून मिश्रण वापरताना इंजिनास इंधन थोडे अधिक द्यावे लागते. नव्या गाड्यांत धुराड्यातील प्राणवायू मोजणारे उपकरण ही वाढ आपोआप करविते. जुन्या कार्बोरेटरचे जेट मात्र ठराविक मापाचे असते. इंधन अपुरे पडून इंजिन तापते, झटके देते. अशा वेळी जेट जाणत्या मिस्त्रीकडूनच बदलून घ्यावे. तारेने छिद्र मोठे करण्याचा उपाय रोगाहून वाईट.

दुसरा बदल सुट्या भागांचा. मद्यार्काने साधे रबर फुगते, मऊ पडते किंवा चिरते; जस्त व ॲल्युमिनियम झिजते. यास्तव एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत नळ्या, पॅकिंग व टाकीचे भाग या इंधनास टिकणारे घालण्यात येतात. जुन्या गाडीच्या इंधननळ्या, कॉकचे वॉशर व कार्बोरेटरच्या रबरी कड्या वेळोवेळी तपासून बदलाव्यात. हा खर्च फार नसतो, आणि गळणाऱ्या नळीने लागणारी आग टळते.

इथेनॉलचा एक गुणही आहे. ते अधिक दाब सहन करते, खडखड होऊ देत नाही. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या मद्यार्काची योजना हाती घेतली. तेथे १९७९ साली निव्वळ मद्यार्कावर चालणारी फियाट १४७ ही मोटार विक्रीस आली. अशा मोटारींच्या इंजिनांत दाब मुद्दाम वाढविलेला असे. थंडीत मद्यार्काची वाफ लवकर होत नाही, म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्यापुरती पेट्रोलची निराळी छोटी टाकीही असे. २००३ पासून तेथे कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या.

शेतकऱ्याचा खरा शत्रू मात्र पाणी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने हे प्रत्यक्ष दाखवावे. मापाच्या काचनळीत ९० मिलिलिटर पेट्रोल व १० मिलिलिटर पाणी घालून, बूच लावून हलवावे व स्थिर ठेवावे. तळाचा थर १० च्या रेषेवर न राहता बराच वर चढलेला दिसेल. कारण मद्यार्क पेट्रोल सोडून पाण्यास मिळतो. (प्रयोग उघड्यावर, विस्तवापासून दूर करावा.) पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले की हेच घडते. इंजिनास तळचा पाणीदार मद्यार्क ओढावा लागतो, ते सुरू होत नाही आणि टाकी आतून गंजते.

म्हणून टाकीच्या झाकणाचे रबर शाबूत ठेवावे. फवारणी पंप, तणकापणी यंत्र इत्यादी हंगामापुरती वापरली जाणारी यंत्रे ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधील उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे. जी यंत्रे पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालतात, त्यांचे मिश्रण लागेल तेवढेच तयार करावे. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात हे पेट्रोल कदापि घालू नये.