अंगावरचें दूध सोडवितांना

मूल दीड वर्षाचें होतें, त्याच्या तोंडांत दहा-बारा दांत दिसूं लागतात, तें घरभर दुडुदुडु धावूं लागतें, आणि मग एके दिवशीं घरांत तो विषय निघतोच. "पुरे झालें आतां हें अंगावर पाजणें, म्हणून तर पोर जेवत नाहीं," असें सासूबाई म्हणतात. आपल्या मुलीला दहाव्या महिन्यांतच कसें सोडविलें तें शेजारीण अभिमानानें सांगते. आईच्या मनांत रात्रीं तीन-तीनदां उठण्याचा कंटाळा असतो, आणि मुलाचें हें सुख आपल्याच हातांनीं तोडावयाचें याची हुरहुरही असते. मग कोणी तरी कडुनिंबाचा पाला वाटून आणतें, किंवा मुलाला आठ दिवस आजोळीं धाडण्याची टूम निघते. तीन दिवस मूल रडरड रडतें, आई दुसऱ्या खोलींत डोळे पुसते, आणि चौथ्या दिवशीं म्हशीच्या दुधाची बाटली मुलाच्या हातांत आली कीं प्रश्न सुटला असें सर्वांना वाटतें. वस्तुतः खरे प्रश्न तेथून पुढें सुरू होतात.

दूध केव्हां सोडवावें याला पंचांगांत मुहूर्त नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे कीं पहिले ६ महिने मुलाला केवळ अंगावरचें दूध द्यावें, नंतर वरचें अन्न सुरू करावें, आणि त्याच्या जोडीला निदान २ वर्षांपर्यंत अंगावर पाजणें चालूं ठेवावें. दांत येऊं लागल्यावर मुलाला स्तनापासून क्रमाक्रमानें दूर करावें, असें वाग्भटानेंही 'अष्टांगहृदया'च्या उत्तरस्थानांत सांगून ठेविलें आहे. त्यांतला 'क्रमाक्रमानें' हा भाग आपल्याकडे बहुधा विसरला जातो. वर्ष उलटल्यावर आईचें दूध पाण्यासारखें होतें, त्यांत कस राहात नाहीं, ही समजूतही खरी नव्हे. दुसऱ्या वर्षांत मुलाला लागणाऱ्या शक्तीचा सुमारें एकतृतीयांश भाग अंगावरच्या दुधांतून मिळूं शकतो. तेव्हां घाई करण्याचें कारण नाहीं. पण कचेरीचें काम, आजारपण, किंवा नुसता थकवा, यांपैकीं कोणत्याही कारणानें एखाद्या आईनें सव्वा वर्षानेंच थांबावयाचें ठरविलें, तर तिनें कांहीं अपराध केला असेंही नव्हे. मुलाचें दुसरें अन्न नीट लागलेलें असलें म्हणजे झालें.

दूध एकाएकीं तोडण्याचें एक फार जुनें कारण म्हणजे आईला पुन्हां दिवस जाणें. पोटुशी बाईचें दूध अंगावरच्या मुलाला बाधतें, असा समज अनेक घरांतून आहे. दूध बाधत नाहीं. प्रकृति निकोप असल्यास गर्भालाही त्यापासून अपाय नसतो. त्याची चव बदलते, प्रमाण घटतें, आणि पुष्कळ मुलें आपण होऊनच सोडतात. मागें गर्भपात झालेला असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारलें पाहिजे. एकाएकीं दूध तोडल्याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो हें सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनीं जगाला दाखवून दिलें. पश्चिम आफ्रिकेंतील त्या वेळच्या गोल्ड कोस्ट वसाहतींत, म्हणजे आजच्या घाना देशांत, त्या काम करीत होत्या. तेथें एक ते चार वर्षांचीं मुलें पाय सुजून, कातडी सोलून, केंस तांबूस होऊन, चिडचिडीं होऊन मरत. १९३३ सालीं विल्यम्सबाईंनीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें त्यांनीं त्याला वापरलेलें 'क्वाशिओर्कोर' हें नांव तेथल्याच 'गा' भाषेंतलें होतें. धाकटें भावंड आल्यामुळें आईपासून दूर सारल्या गेलेल्या मुलाचें दुखणें, असा त्या शब्दाचा आशय. नवीन मूल येणार म्हणून थोरल्याचें दूध तुटे, आणि त्याच्या पानांत मक्याच्या पिठाच्या पेजेखेरीज दुसरें कांहीं नसे. पुढील संशोधनानें केवळ प्रथिनांची उणीव हें एकच कारण अपुरें ठरविलें. वारंवार होणाऱ्या रोगसंसर्गाचाही त्यांत वाटा असतो. तथापि त्या भाषेंतल्या आयाबायांनीं दुखण्याला नांव ठेवितांना त्याचें मर्म डॉक्टरांच्या कितीतरी आधीं ओळखलें होतें, हें कबूल करावें लागतें.

सुखवस्तु शहरी घरांत असें सहसा घडत नाहीं. तेथें उलट चूक होते. अंगावरचें दूध बंद, म्हणून तेवढेंच किंबहुना अधिक वरचें दूध, असा हिशेब केला जातो. मूल दिवसभरांत लिटरभर दूध पितें, गोरें गोमटें दिसतें, आणि घरचे खूष असतात. पण तें गोरेपण कित्येकदां पांडुरोगाचें असतें. जन्मतः आईकडून मिळालेला लोहाचा सांठा पहिल्या ६ महिन्यांनंतर संपत येतो. एक लिटर गाईच्या दुधांत लोह एक मिलिग्रॅमही नसतें. शिवाय दुधानें पोट भरल्यावर वरण-भात, भाजी, अंडें यांना पोटांत जागा उरत नाहीं. एक वर्षाच्या आंतील मुलाला तर वरचें दूध हें मुख्य पेय म्हणून देऊंच नये, असें बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यानें आंतड्यांतून सूक्ष्म रक्तस्राव होऊं शकतो, आणि त्यांतील प्रथिनांचा व क्षारांचा भार कोंवळ्या मूत्रपिंडांना जड जातो. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटर, म्हणजे दोन मोठे पेले, हें पुरेसें आहे. अंगावरच्या दुधाची जागा मुख्यतः जेवणानें घ्यावयाची असते.

सोडविण्याची रीत साधी आहे, पण तिला तीन-चार आठवडे लागतात. दिवसांतील जी वेळ मुलाला सर्वांत कमी प्रिय असेल, बहुधा दुपारची, ती प्रथम गाळावी. त्या वेळीं मुलाला भूक असेल तर खावयास द्यावें, कंटाळा आला असेल तर फिरावयास न्यावें. चार-पांच दिवसांनीं दुसरी वेळ गाळावी. निजतेवेळचें पाजणें सर्वांच्या शेवटीं. तें केवळ दुधासाठीं नसतें. त्यांत अंधार असतो, ऊब असते, आईचा वास असतो. येथें वडिलांची किंवा आजीची खरी मदत होते. आठ-दहा रात्रीं त्यांनीं मुलाला थोपटून निजविलें, म्हणजे जवळ आई नसल्यानें मूल मागतही नाहीं. मागितलें नाहीं तर आपण होऊन पुढें करूं नये, मागितलें तर झिडकारूं नये, हा नियम बऱ्याच घरीं पुरतो. कोरफडीचा कडू गर छातीला चोळणें हा मात्र मुलाशीं केलेला दगाच आहे. ज्या ठिकाणीं जन्मापासून गोडी मिळाली तेथेंच एकाएकीं कडूपणा कां आला, हें त्या जिवाला कोण समजावणार? मुलाला जुलाब होत असतील, ताप असेल किंवा घर बदललेलें असेल, तर तो महिना जाऊं द्यावा.

क्रमानें जाण्यांत आईचाही लाभ आहे. दूध मागणीप्रमाणें तयार होतें; मागणी हळूहळू घटली तर पुरवठाही हळूहळू आटतो. एकदम थांबविल्यास छाती दाटते, गांठी होतात, ठणका लागतो, कधीं तापही भरतो. अशा वेळीं बरें वाटण्यापुरतें थोडें दूध हातानें पिळून काढावें व थंड पाण्याची घडी ठेवावी. छाती घट्ट बांधून टाकण्याची जुनी रीत टाळावी. लाली व ताप दिवसभरांत उतरला नाहीं तर डॉक्टरांकडे जावें.

आतां वरच्या दुधाविषयीं. आईच्या दुधांत प्रथिनें शेंकडा १ च्या आसपास असतात, गाईच्या दुधांत ३ हून थोडीं अधिक, म्हशीच्या दुधांत ४ च्या जवळ. स्निग्धांश गाईच्या दुधांत शेंकडा ४ च्या सुमारास, तर म्हशीच्या दुधांत ६ ते ७. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला यांपैकीं कोणतेंही दूध चालतें. म्हशीचें जड वाटलें तर तापवून, निववून, वरची साय काढून द्यावें. पाणी घालूं नये, कारण पाण्यानें पोट भरतें आणि पोषण तेवढें घटतें. मुंबईकरांना 'टोन्ड' दूध परिचित आहे. म्हशीच्या दुधांत पाणी व दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश शेंकडा ३ वर आणण्याची ही युक्ति. १९४९ सालच्या आरे दुग्धवसाहतीशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, त्या दारा खुरोदी यांनीं ती रूढ केली. मोठ्यांना तें ठीक. दोन वर्षांच्या आंतील मुलाला मात्र पूर्ण स्निग्धांशाचें दूध बरें. शेळीच्या दुधाची महती पुष्कळ गायिली जाते, पण त्यांत फोलिक आम्ल फार थोडें असतें, म्हणून एकट्या त्यावर मूल ठेवूं नये. बदामाचें किंवा नारळाचें दूध हें नांवापुरतेंच दूध होय. आणि कोणतेंही कच्चें दूध, मग तें डोळ्यांदेखत काढलेलें असो, उकळल्यावांचून देऊं नये.

कांहीं मुलें वरच्या दुधाला शिवतच नाहींत. घरचे घाबरतात, साखर घालतात, चहाचा रंग देतात. चहा तर मुळींच नको. अन्नांतलें लोह त्यामुळें अंगीं लागत नाहीं. दूध नको तर दही द्यावें, ताक-भात द्यावा, नाचणीचें सत्त्व द्यावें. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो. दूध पेल्यानें पाजावें. पूर्वीं घरोघर चांदीचें किंवा पितळेचें बोंडलें असे, तें निदान घासून लख्ख करितां येई. बाटलीच्या बोळ्या नीट धुतल्या जात नाहींत, आणि बाटली तोंडांत ठेवून निजणाऱ्या मुलाचे पुढचे दांत किडतात. मुलांच्या दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्यानें भारतांत बंदी आहे, ती उगाच नव्हे.

दूध सुटून महिना झाल्यावर एखाद्या तापाच्या रात्रीं मूल पुन्हां पदराशीं झोंबतें. आईला वाटतें, सारी मेहनत वायां गेली. तसें होत नाहीं. घ्यावेंसें वाटलें तर जवळ घ्यावें. दूध असेल तर तें दोन घोट पिईल, नसेल तर नुसतेंच तोंड लावून निजेल, आणि ताप उतरला कीं सकाळीं उठून पोळीचा तुकडा मागेल.