प्लेटलेट्सची वंशावळ

पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ आली की घरोघरी एकच प्रश्न : "प्लेटलेट्स किती आल्या?" आकडा लाखाखाली गेला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि कुणीतरी पपईच्या पानांचा रस घेऊन दारात उभं राहतं. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा काही दिवसांत आपणहून वर येतो. काही माणसांच्या प्लेटलेट्स मात्र जन्मापासूनच कमी असतात, आणि त्यांना नुसता आकडा कळून काहीच कळत नाही.

आकडा दिशाभूलही करतो. 'एमवायएच९' या जनुकात दोष असलेल्यांच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर लाल पेशीएवढ्या आडदांड प्लेटलेट्स दिसतात. सीबीसीचं यंत्र आकारावरून मोजदाद करतं, त्यामुळे अशा कित्येक प्लेटलेट्स ते लाल पेशींत जमा करतं आणि आकडा आहे त्याहून कमी दाखवतं. मग 'आयटीपी', म्हणजे शरीर स्वतःच प्लेटलेट्स नष्ट करतंय, असं निदान होतं. स्टिरॉइड्स सुरू होतात, गुण येत नाही. काहींची तर प्लीहाही काढली गेली आहे. खरं दुखणं जन्मजात, आणि पुढे त्यातून बहिरेपण, मोतीबिंदू, मूत्रपिंडाचे विकार उद्भवू शकतात. 2000 साली या दुखण्यामागचं हे जनुक सापडलं, आणि पुढे वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाणारे चार विकार मुळात एकच निघाले.

प्लेटलेट ही धड पेशीसुद्धा नाही. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या धिप्पाड पेशीचा तो तुटलेला तुकडा, दोन-तीन मायक्रॉनचा, आठ-दहा दिवस टिकणारा. त्यात केंद्रक नसतं. त्यामुळे प्लेटलेटचा वंशपरंपरागत दोष शोधायला डीएनए काढतात तो त्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून.

हे शोधकाम पद्धतशीर उभं करण्यात केंब्रिज विद्यापीठातले रक्तविज्ञानी विलेम औवेहांड आणि त्यांचे सहकारी आघाडीवर होते. त्यांच्या चाचणीचं नाव 'थ्रॉम्बोजिनोमिक्स'. डीएनएचे बारीक तुकडे करायचे, रक्तस्राव, गुठळ्या आणि प्लेटलेट्स यांच्याशी संबंधित जनुकांचेच तुकडे वेगळे काढायचे आणि यंत्रात घालायचे. यंत्र प्रत्येक तुकड्यासमोर एकेक अक्षर जोडत जातं. जोडलेलं अक्षर आपल्या रंगात चमकतं आणि कॅमेरा ते टिपतो. या वाचनामागचं रसायनही केंब्रिजचंच, चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी जमवलेलं. 2016 साली चाचणीत 63 जनुकं होती, पुढे ती वाढत गेली.

या गटाने उकललेलं मला सर्वांत आवडणारं कोडं 'टार' विकाराचं. बाळाच्या हाताचं रेडियस हाड नसतं, अंगठा मात्र असतो. प्लेटलेट्स तान्हेपणी धोक्याइतक्या कमी, पुढे वाढत जातात. या बाळांच्या पहिल्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, हे 2007 मध्ये कळलं. पण तोच तुकडा गळालेला आई किंवा बाप ठणठणीत! मग बिघडतंय कुठे? जनुकांचा प्रथिनं घडवणारा भाग वाचून काही सापडेना. उत्तर बाहेर होतं, 'आरबीएम८ए' जनुकाचं काम किती चालावं हे ठरवणाऱ्या मजकुरात. तिथला एक किरकोळ अक्षरबदल पुष्कळ निरोगी माणसांत असतो आणि एकटा निरुपद्रवी असतो. एका पालकाकडून गळालेला तुकडा आणि दुसऱ्याकडून हा बदल, असा योग जुळला की विकार. 2012 साली हे प्रसिद्ध झालं. चार वर्षांनी 'एसआरसी' या, कर्करोगाच्या अभ्यासात गाजलेल्या जनुकातला एक अक्षरबदल पुढे आला. तो असलेल्या एका कुटुंबात कमी प्लेटलेट्सबरोबर ठिसूळ हाडं आणि अकाली पडणारे दातही होते.

यंत्राची मर्यादाही याच गटाने आकड्यांत मांडली. 2019 मध्ये त्यांनी 2396 रुग्णांचा हिशेब दिला. गोठण्याचा, गुठळ्यांचा किंवा प्लेटलेट्सचा ठरावीक दोष आधीच दिसला होता, त्यांच्यापैकी 49.2 टक्क्यांत जनुकीय कारण मिळालं. रक्तस्राव होतो पण नेहमीच्या सगळ्या तपासण्या ठीक, अशांत फक्त 3.2 टक्के. माझ्या मते अख्ख्या अहवालातली हीच सर्वांत मोलाची ओळ. काचपट्टी न बघता थेट महागडी चाचणी लिहून देणाऱ्यांनी ती वाचायला हवी.

आपल्याकडे या विद्येची गरज वेगळ्या कारणाने आहे. ग्लान्झमान विकारात प्लेटलेट्सचा आकडा चोख असतो, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत, आणि दोष आईबाप दोघांकडून आला तरच विकार होतो. मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न चालणाऱ्या समाजात ही शक्यता वाढते. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या विकाराचा अभ्यास झालेला आहे. घराण्यातला नेमका दोष ठाऊक असला, तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते.

काही उत्तरं मात्र न विचारता हाती येतात. 'आरयूएनएक्स१' या जनुकातला दोष प्लेटलेट्स थोड्या कमी करतो, पण पुढे रक्ताच्या कर्करोगाचा धोकाही वाढवतो. नाकातून रक्त येतं म्हणून आलेल्या पोरीला हे सांगायचं का, याची परवानगी रक्त घेण्याआधीच मागावी लागते. आणि सांगावं लागतं ते एकटीला नाही. उद्या तिला अस्थिमज्जा लागली, तर पहिला पर्याय सख्ख्या भावाचा असतो. त्यालाही तोच दोष नाही ना, हे आधी वाचून घ्यावं लागतं.