शाकारलेल्या नौकेतला आइन्स्टाइन

१ जूनला मासेमारी बंद झाली की रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात नौका शाकारायची लगबग सुरू होते. जाळी घरी जातात, इंजिनाला तेलपाणी होतं, वर ताडपत्री चढते. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, सगळ्यांना सुट्टी. एक बॅटरी सोडून. स्विच बंद, वायरी सोडवलेल्या, तरी तिच्या पोटात काम चालूच राहतं. ते का, हे शोधत गेलं की वाट थेट आइन्स्टाइनपर्यंत जाते.

१८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी केलेली मांडणी आजही मुळात तीच आहे: एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची आणि मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. अशा एका सेलमधून साधारण २.१ व्होल्ट मिळतात. सहा सेल जोडले की झाली आपली बारा व्होल्टची बॅटरी. बॅटरी उतरते तेव्हा अ‍ॅसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं आणि अ‍ॅसिड पाणचट होतं. म्हणूनच मेकॅनिक हायड्रोमीटर काढतो. रबरी फुगा दाबून सोडला की काचेच्या नळीत अ‍ॅसिड चढतं आणि आतली नळकांडी तरंगू लागते. आकडा १.२६५ च्या आसपास दिसला तर सेल भरलेला, १.१२ च्या आसपास दिसला तर रिकामा. वीज किती उरली, हे चक्क द्रवाच्या घनतेवरून वाचता येतं!

आता गंमत पाहा. पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला हिशेबाने १.२३ व्होल्ट पुरतात, आणि सेलमध्ये आहेत २.१. म्हणजे भरलेल्या बॅटरीने आपल्याच पोटातलं पाणी फोडत रिकामं व्हायला हवं. ती तगते, कारण शिशावर हायड्रोजन अतिशय सावकाश सुटतो. पण सावकाश म्हणजे बंद नव्हे. प्लेटा मजबूत व्हाव्यात म्हणून मिसळलेलं अँटिमनी ही गळती वाढवतं. तापमान १० अंशांनी चढलं की ती साधारण दुप्पट होते.

मुळात शिशाला एवढा जोर आला कुठून? २०११ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले राजीव आहुजा, फिनलंडचे पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीने सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ ६० टक्के वेगाने फिरतात. तिथे सापेक्षतेचे नियम लागू होतात, आणि त्यांचा परिणाम बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचतो. गणितातून निघालं ते असं: २.१ पैकी १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ सापेक्षतेचे. बारा व्होल्टांतले दहा आइन्स्टाइनचे! ते नसते तर पाणी फुटलं नसतं, पण इंजिनही फिरलं नसतं.

म्हणून बॅटरी भरून ठेवली तरी ती झिरपणारच. उतरलेली तशीच पडून राहिली, तर प्लेटांवरच्या सल्फेटचे टणक स्फटिक बनतात आणि मग ते चार्जिंगलाही दाद देत नाहीत. नौकेवर बॅटऱ्या एकाहून जास्त, त्यामुळे आणखी एक पेच: एकमेकींना समांतर जोडून ठेवल्या तर कमजोर बॅटरी चांगलीलाही उतरवते. चोवीस व्होल्टसाठी एकामागे एक जोडलेल्या जोडीत, एकत्र चार्ज करताना एक उपाशी राहते आणि दुसरी उतू जाते. तेव्हा आधी निगेटिव्हची, मग पॉझिटिव्हची वायर काढायची, प्रत्येक बॅटरी सुटी करायची आणि महिन्याकाठी, किंवा व्होल्टमीटर १२.४ दाखवू लागला की, वेगवेगळी चार्जिंगला लावायची. खोली हवेशीर हवी, कारण सुटणारा हायड्रोजन पेट घेतो.

खर्च किती? १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीची महिन्याची गळती पाच टक्के धरली, तरी ती भरून काढायला युनिटचा दहावा हिस्सा पुरतो. आइन्स्टाइनच्या दहा व्होल्टांचं महिन्याचं भाडं एवढंच.