वाटणी वडिलांच्या डोळ्यांदेखत ठरावी

मोदीनगर वसवणारे गुजरमल मोदी 1976 मध्ये वारले. त्यांचे पाच मुलगे एकीकडे, भाऊ केदारनाथ आणि त्यांचे तीन मुलगे दुसरीकडे, असा कंपन्यांच्या वाटणीचा करार 24 जानेवारी 1989 रोजी झाला. अडेल तिथे औद्योगिक वित्त महामंडळाच्या अध्यक्षांचा शब्द अंतिम मानायचे ठरले. अध्यक्षांनी त्याच वर्षी निर्णय दिला. पण तो लवादाचा निवाडा आहे की नाही यावरच खटला उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 1998 उजाडले. निवाडा नव्हेच, असे न्यायालय म्हणाले. गुजरमल यांचे थोरले चिरंजीव के. के. मोदी यांनी हे सारे भोगले होते. तरी 2014 मध्ये त्यांनी केलेल्या ट्रस्टमध्ये पुन्हा तीच फट राहिली: पत्नी आणि तिन्ही मुले विश्वस्त, आणि आपल्या पश्चात 30 दिवसांत त्यांचे एकमत झाले नाही तर मालमत्ता विकायची. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले आणि एकमत झाले होते का, हाच वादाचा मुद्दा झाला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. 2021 मध्ये दोन माजी न्यायमूर्तींना मध्यस्थ नेमले गेले, आणि त्यातून तोडगा न निघाल्याने 2022 मध्ये आणखी एकांना.

नामांकित वकील आणि पक्का कागद हाताशी असूनही हे घडले, कारण ज्या एकमतावर कागद उभा होता ते आधी घडवलेच गेले नव्हते. मध्यस्थी शेवटी झालीच, पण ज्यांचा शब्द घरात चालत होता ते गेल्यानंतर. तीच मध्यस्थी मृत्युपत्र लिहिण्याआधी व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. प्रश्न फक्त उद्योगपतींचा नाही. दक्षिण दिल्लीतली जुनी कोठी बिल्डरला दिली की मजले भावंडांत वाटले जातात. मग गच्चीचा हक्क कोणाचा, गाडी कुठे लावायची, आई कोणत्या मजल्यावर राहणार, यावर तंटे होतात. न्यायालय फार तर हिस्से पाडील. आईची सोय त्यात कुठेच बसत नाही. मध्यस्थ प्रत्येकाला आधी एकेकटे भेटतो आणि नेमके हेच प्रश्न बाहेर काढतो.

‘मृत्युपत्र आहे ना, मग चर्चा कशाला?’ असे कोणी विचारील. पण मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, आणि ते अचानक उघडले गेले की दबावाने करून घेतल्याचा आरोप ठरलेलाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशा बैठकीतला समझोता बांधील कुठे असतो? खरेच, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 6 नुसार वारसाची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही. म्हणून ठरलेले सारे मृत्युपत्रात, बक्षीसपत्रात किंवा ट्रस्टमध्ये उतरवावे लागते. मालकाच्या पश्चात वारसांनी केलेल्या प्रामाणिक कौटुंबिक व्यवस्थेकडे मात्र न्यायालये अनुकूल नजरेने पाहतात. 1976 च्या काळे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोंडी व्यवस्थाही मान्य केली. पण हक्क ज्या कागदानेच निर्माण होतो, तो नोंदवावा लागतो.

सर्वांत गंभीर भीती वेगळीच आहे. घरातल्या बैठकीत बहिणीला ‘समजूतदारपणे’ सही करायला लावतात. असे हक्कसोडपत्र महाराष्ट्रातही अनोळखी नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला आणि विनीता शर्मा खटल्यात 2020 मध्ये तो निःसंदिग्ध झाला, तरी राजधानी परिसरातल्या कुटुंबाचे घर दिल्लीत, फ्लॅट गुडगावात आणि शेतजमीन गाझियाबादकडे असू शकते, आणि शेतजमिनीच्या वारशाचे नियम राज्यागणिक बदलतात. म्हणून मध्यस्थ नात्यातला नको, आणि बहिणीला स्वतःचा वेगळा वकील हवाच; एवढे नसेल तर ती बैठक न झालेली बरी. प्रशिक्षित मध्यस्थ दिल्लीत दुर्मिळ नाहीत; उच्च न्यायालयाचे ‘समाधान’ केंद्र 2006 पासून चालू आहे. ज्यांच्या नावावर घर आहे त्यांनी हातपाय धड असतानाच मुलामुलींना एकत्र बोलवावे, आणि पहिला निरोप लग्न होऊन गेलेल्या मुलीला द्यावा.