इंजिनाचा लगाम

आमचे घर साखरप्याला, आंबा घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून. माझे मामू ट्रकचे मिस्त्री. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, "हा गिअरमध्ये उतरतोय, हा न्यूट्रलमध्ये." न्यूट्रलचा आवाज आला की उठून बसायचे. एका रात्री असेच उठून बाहेर गेले, ते सकाळीच परतले. काय पाहिले ते कधी बोलले नाहीत.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची, ही जुनी खोड. मग सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. लायनर ड्रमवर घासून तापतात आणि अति तापले की पकड सुटते. पायाखाली पेडल असते, ब्रेक नसतो. म्हणून वेग रोखायचे काम इंजिनाला द्यायचे आणि चाकांचे ब्रेक ऐनवेळेसाठी थंड राखायचे.

पण जुने डिझेल इंजिन आपणहून फारसे अडवत नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते. त्यासाठी असतो एक्झॉस्ट ब्रेक. धुराच्या नळीत एक गोल पाकळी बसवलेली असते. बटण दाबले की हवेचा सिलिंडर ती फिरवतो, वाट मिटते आणि डिझेलही तुटते. कोंडलेल्या हवेशी झटताना इंजिनाची गती उतरते.

तो बसवताना मामू तीन गोष्टी पाहत. पहिली, पाकळीच्या अलीकडचे सांधे गळके नकोत. दाब तिथूनच निसटतो. दुसरी, पंपाचा लिव्हर पूर्ण मागे जायला हवा. नाहीतर इंजिन एकीकडे अडते, एकीकडे ओढते. तिसरी, पाकळी उघडताना पूर्ण उघडावी, नाहीतर चढाला इंजिन गुदमरते आणि काळा धूर ओकते. मिटताना मात्र थोडी वाट राहावी. अगदीच कोंडले, तर तो दाब स्प्रिंगला न जुमानता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलतो. किती दाब चालेल, हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेले असते. ते गेज लावून पाहायचे, अंदाजाने नाही.

दुसऱ्या तऱ्हेच्या ब्रेकमागे एक प्रसंग आहे. १९३१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या कॅहॉन खिंडीत क्लेसी कमिन्स यांच्या ट्रकचे ब्रेक गेले. पुढे रेल्वेचे रूळ आणि त्यावर मालगाडी. ते थोडक्यात बचावले, पण तो उतार विसरले नाहीत. त्यांनी पुढे शोधलेला ब्रेक १९६१ पासून जेकब्ज कंपनीने बाजारात आणला. यात हवा पिस्टनला परत ढकलण्याआधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर उघडून ती सोडून देतात. म्हणजे हवा दाबायला लागलेली ताकद गाडीला परत मिळत नाही.

हा ब्रेक सेट करायचा तो थंड, बंद इंजिनावर. आधी टॅपेट, मग ब्रेकची फट, फीलर गेजने मोजून. फट जास्त झाली तर ब्रेक मंद. कमी झाली तर व्हॉल्व्ह नको तेव्हा, नको तेवढा उघडतो आणि इंजिनाला इजा करतो. एका इंजिनाचे माप दुसऱ्याला लावू नये.

मी कविता करणारा माणूस. यंत्रातले कळते ते मामूंमुळे. त्या रात्रीनंतर गॅरेजातून गाडी सोडण्यापूर्वी ते ड्रायव्हरला एकच गोष्ट बजावत, "बेटा, मी ब्रेक कितीही चांगला बसवीन. पण गाडी न्यूट्रल केलीस की इंजिन आणि चाकं यांचं नातंच तुटतं. मग माझी मेहनत तुझ्या कामाची नाही."