बॉण्डवरची सही आणि तालुक्याचा वकील

हिंदू कोड बिलाचा विषय निघाला नाही अशी जयंती मला आठवत नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रीपदाचा राजीनामा दिला आणि त्यामागच्या कारणांत हे बिल होते, हे आपल्या शाळकरी पोरांनाही भाषणासाठी पाठ असते. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की नवऱ्याची दासी होऊ नका, मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा. तेही आपण टाळ्या वाजवून ऐकतो. आणि जयंतीचे निळे झेंडे उतरायच्या आत त्याच विहाराच्या ओट्यावर एखाद्या लेकीची सोडचिठ्ठी बॉण्डवर लिहून टाकतो!

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. मे २०२१ मध्ये माझ्या सख्ख्या भाचीचा निकाल असाच लागला. त्या बॉण्डवर तिसरा साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

नवरा चाकणला एका कंपनीत कामाला. चार वर्षांचा संसार, तीन वर्षांची मुलगी. मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली. दोन-तीन बैठका झाल्या. बैठकीत दोन्हीकडची म्हातारी माणसे, पक्षाचे दोन कार्यकर्ते आणि तालुक्याच्या कोर्टातले एक वकीलसाहेब. त्यांना मुलाकडच्यांनी आणले होते, पण ते आपल्याच समाजाचे, मोर्चात पुढे असणारे. त्यामुळे आम्हाला ते आमचेही वकील वाटले. त्यांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला : आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत, यापुढे एकमेकांवर हक्क राहिला नाही, खावटी मागणार नाही. चाळीस हजार रुपये आणि लग्नातली भांडी परत. भाचीने सही केली. लेकराचे नाव त्या कागदात कुठेच नव्हते आणि ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही. मग चहा झाला, जयभीम झाला आणि सगळे घरी गेले.

बांधवांनो, त्या कागदाने घटस्फोट झालेला नव्हता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच्या कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा ही आपली मागणी रास्तच आहे, पण तो होईपर्यंत हाच कायदा आहे आणि त्याप्रमाणे घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. नोटरीचा लाल शिक्का मारला म्हणून बॉण्डचा हुकूमनामा होत नाही. कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेली काडीमोड राखून ठेवली आहे हे खरे, पण तशी रूढी आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. आणि आपण कोणती रूढी सिद्ध करणार? जातपंचायतीची? ती तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात टाकून आलो म्हणतो. धम्म स्वीकारायचा बाबासाहेबांचा आणि बायको सोडायची पंचायतीच्या रीतीने, हा कुठला न्याय?

याचा फटका कोणाला बसतो तेही पाहा. बॉण्ड खिशात घालून नवरा दुसरे लग्न करतो. ते कायद्याने रद्दबातल असते आणि पहिली बायको जिवंत असताना ते करणे हा गुन्हाही आहे, पण तो राजरोस संसार करतो. बाईने त्याच भरवशावर दुसरे लग्न केले, तर नव्या घरात ती कायद्याने बायको ठरत नाही, आणि उद्या वारसाचा किंवा पेन्शनचा प्रश्न आला की हात हलवत परत येते. पहिल्या नवऱ्यापासून नुसत्या करारनाम्याने वेगळ्या झालेल्या अशाच एका बाईला जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या नवऱ्याकडून खावटी मंजूर केली. चांगलेच झाले. पण त्या बाईला त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले.

‘राजीखुशीने विभक्त’ हे शब्द तर विशेष घातक. खावटीचे जे जुने कलम १२५ होते (१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १४४ झाले आहे) त्यात म्हटले आहे, की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला खावटी नाही. वकीलसाहेबांना हे ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. खावटी मागणार नाही असे लिहून दिले तरी कायद्याने दिलेला हक्क बुडत नाही, कोर्टे असे कागद सहसा मानत नाहीत, आणि लेकराचा हक्क तर आईलाही सोडून देता येत नाही. पण तो कागद समोर आला की दोन-चार वर्षे वाद घालण्यात जातात.

म्हणून पहिली गोष्ट, वकील स्वतःचा असावा. दोघांचा मिळून एक वकील ही सोय नवऱ्याची असते. एका पक्षकाराला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात दुसऱ्याच्या बाजूने उभे राहू नये, हा वकिलांच्या आचारसंहितेचाच नियम आहे. तालुक्याच्या गावात हा नियम पाळणे अवघड जाते हे मला कबूल आहे. पाच-पन्नास वकील, सगळे एका बाररूममध्ये चहा पिणारे. कोणी नवऱ्याच्या चुलत्याच्या बांधाचा दावा चालवतो, कोणी त्याच्या गावच्या सरपंचाचा माणूस. तेव्हा पहिल्याच भेटीत सरळ विचारावे, की साहेब, समोरच्यांचे तुमच्याकडे काही काम आहे का? राग आला तर येऊ द्यावा.

आमची दुसरी चूक वकील निवडण्यात झाली. सहा महिन्यांनी डोळे उघडले तेव्हा ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. माणूस सज्जन, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पदरमोड करून चालवणारा, महसुली कामात तर हातखंडा. खावटीचे काम त्यांनी केलेले नव्हते, आणि आम्ही विचारलेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये तीन हजार रुपये दिले, पावती मागायची लाज वाटली. ‘टाकू’, ‘टायपिंगला दिलंय’, ‘साहेब रजेवर आहेत’ असे करता करता आठ महिने गेले. अर्ज कोर्टात पडलाच नव्हता.

या आठ महिन्यांची किंमत आम्हाला नंतर कळली. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व कोर्टांना सांगून ठेवले आहे, की खावटी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची. बाई घराबाहेर पडली त्या तारखेपासून ती धरत नाहीत, आणि पहिल्यांदा वकिलाच्या ओट्यावर बसली त्या तारखेपासूनही नाही. पुढे भाचीला तीन हजार आणि मुलीला दोन हजार असा महिना पाच हजारांचा हुकूम झाला. आठ महिन्यांचे चाळीस हजार गेले, म्हणजे विहाराच्या ओट्यावर मिळाले तेवढेच. वकील केल्यावर दहा दिवसांत अर्जाचा नंबर मागावा. आता प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर पडतो. तो मोबाईलवर ई-कोर्टच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले ते दिसते. वस्तीतल्या बारावीच्या पोराला हे दोन मिनिटांत जमते. तारखेला वकीलच हजर नव्हता, हेही त्यातूनच उघडे पडते.

फीचे म्हणाल तर पूर्ण ठरवून, टप्प्याटप्प्याने आणि लिहून घेऊन द्यावी. दर तारखेला पाचशे असे ठरवले तर तारखाच वाढतात, निदान आमच्या वस्तीचा अनुभव तसा आहे. ‘आधी काही देऊ नका, खावटी सुटली की त्यातले एवढे टक्के’ असे कोणी म्हणाला तर तिथून उठावे. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या हिश्श्यावर फी ठरवायला वकिलाला बंदीच आहे. मूळ कागद, म्हणजे लग्नपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला, दवाखान्याचे कागद, वकिलाकडे ठेवू नयेत, झेरॉक्स द्यावी. आम्ही वकील बदलायला गेलो तेव्हा ‘आधी हिशोब करा, मग कागद’ असे उत्तर मिळाले. फीपायी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा वकिलाला अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. हे एका ओळखीच्या कारकुनाने आम्हाला सांगितले. मीही ते जिना चढून वर जाऊन तसेच सांगितले आणि कागद मिळाले.

आणि मुळात पैसे द्यायची गरज होती का? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री मोफत वकिलाला पात्र आहे. तिच्या उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला स्त्री असो की पुरुष, तोच हक्क आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, साध्या कागदावर अर्ज चालतो, १५१०० हा फोन नंबर आहे. घटस्फोट आणि खावटीच्या कामात स्त्रियांना कोर्ट फीसुद्धा महाराष्ट्रात १९९४ पासून माफ आहे. इतके सगळे असून आपली माणसे व्याजाने पैसे काढून वकील लावतात, कारण फुकटचा वकील काम करत नाही अशी समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. पॅनेलवरच्या वकिलांना मिळणारे मानधन तुटपुंजे, आणि काही जण तसेच काम करतात. अशा वेळी समितीकडे लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागावा.

भाचीला मिळालेली वकील नवीन सनद घेतलेली एक मुलगी होती. तिचे आडनाव मला पहिल्या दिवशी विचारावेसे वाटले होते, हे कबूल करतो. आपली नव्हती. पण तिने पहिल्या भेटीत जे विचारले ते आधीच्या दोघांनी विचारले नव्हते : नवऱ्याची पगारपत्रक आहे का, कंपनीचे नाव काय, कायम आहे की कंत्राटी, गावाकडे सातबारा कोणाच्या नावावर. त्या २०२० च्या निकालाप्रमाणे दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न आणि मालमत्ता शपथपत्रावर सांगावी लागते. तालुक्याला अजून बरेच वकील हे शपथपत्र रेटून मागत नाहीत, आणि नवरा ‘रोजंदारीवर आहे’ म्हणून सुटतो. भाचीच्या जुन्या मोबाईलमध्ये त्याच्या पगाराच्या चिठ्ठीचा फोटो निघाला. त्यावर निम्मी केस झाली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अर्ज पडला. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदाही होता, आणि बाई माहेरी जिथे राहते तिथल्याच कोर्टात त्याखाली जाता येते. पण वकिलीणबाई म्हणाल्या, आधी लेकराचे दूध, मग बाकीचे. घटस्फोटाची घाई करू नका असेही त्यांनीच सांगितले. नवऱ्याला दुसरे लग्न पचवायचे असेल तर तो स्वतः येईल, आणि आला तर खर्चाची आणि कायम पोटगीची बोलणी आपल्या हातात राहतील. तसेच झाले. आधी त्याच्याकडून ‘नांदायला ये’ अशी नोटीस आली. घरात दुसरी आणून बसवलेला माणूस पहिलीला नांदायला बोलावतो, केवळ खावटी चुकवायला! अशा नोटिशीला उत्तर न देणे ही मोठी चूक. नांदायला जाण्याचा हुकूम झाला आणि बाई गेली नाही, तरी तेवढ्यावरून खावटी बुडत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले.

२०२४ मध्ये पुरावा सुरू झाला आणि भाचीचा साक्षीदार म्हणून मी पिंजऱ्यात उभा राहिलो. समोरच्या वकिलांनी तो बॉण्ड माझ्यापुढे धरला. वकील तेच, ओट्यावर मजकूर सांगणारे.

“ही सही तुमचीच ना?”

“हो.”

“वाचून केली?”

“नाही.”

“शिकलेले आहात ना तुम्ही?”

मी तीस वर्षे शिक्षक होतो. तेही सांगितले.

बॉण्डचा त्यांना उपयोग झाला नाही. अर्जाच्या तारखेपासून महिना पाच हजार मंजूर झाले. त्यातले पहिले सहा महिने त्याने भरले, मग बंद केले. थकलेल्या खावटीच्या वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत टाकावा लागतो, नाहीतर त्यासाठी वॉरंट निघत नाही. म्हणून भाचीने घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर न आलेल्या प्रत्येक महिन्यापुढे लाल फुली मारून ठेवली आहे. आठ फुल्या झाल्या आहेत. वसुलीचा अर्ज गेल्या सोमवारी दिला.