जुन्या मोटारीचे मागील पाटे

अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. उरलेल्या गाड्यांचे आयुष्य आता दुरुस्तीवरच अवलंबून आहे. गोव्यासारख्या किनारी मुलुखाच्या खाऱ्या, दमट हवेत मागील पाट्यांना, शॅकलना व यू-बोल्टना गंज चढतो. ते बदलण्याचे काम एकट्याने करू नये. जाणत्या मेस्त्रीचे साहाय्य घ्यावे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. सांगाड्याखाली भक्कम घोड्या लावाव्यात; पाटा सुटताच आस खाली येतो, म्हणून त्यालाही निराळा आधार द्यावा. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच तेल पाजावे. पाटे दोन्ही बाजूंचे बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगास कलते. मात्र त्याआधी, पाटे ज्या पत्र्याला जोडलेले असतात तो ठोकून पाहावा. पत्राच कुजला असेल, तर नव्या पाट्यांचा काय उपयोग? आधी वेल्डिंग, मग पाटे.